पुलाची जन्मतारीख नको, तपासणीचा कागद दाखवा

१६ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री साडेअकराला हावडा पूल रिकामा करण्यात आला. पहाटे साडेचारपर्यंत त्यावरून एकही गाडी गेली नाही. 'राइट्स' या केंद्र सरकारच्या कंपनीचे अभियंते पुलाची प्रकृती तपासत होते. इतकी सखोल तपासणी त्याआधी झाली ती १९८३ ते १९८८ या काळात. मधल्या साडेतीन दशकांत कलकत्त्याचं कोलकाता झालं, पुलावरची ट्राम गेली, वाहनं कित्येक पटींनी वाढली. पूल किती वाजता बंद राहील आणि गाड्या कुठून वळवल्या जातील, हे पोलिसांनी लोकांना रीतसर कळवलं होतं. कुठल्या दांड्यात किती पोलाद शिल्लक आहे हे त्याच लोकांना कळवण्याची बंधनकारक पद्धत मात्र आपल्याकडे नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: पुलाच्या तपासणीचा कागद सार्वजनिक असला पाहिजे. मागितल्यावर मिळणारा नको, आपणहून मांडलेला हवा. आणि गोळाबेरीज निष्कर्षाचा नको, अवयवागणिक मापांचा हवा.

"जुना झालाय, पाडून टाका" आणि "ब्रिटिशांच्या काळातला आहे, त्याला काही होत नाही" ही दोन्ही वाक्यं आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. दोन्हींत विचार होतो तो फक्त वयाचा. पोलादी पुलाला असं एक वय नसतंच. त्याची एखादी पट्टी काल बदललेली असते, शेजारची पहिल्या दिवसापासूनची असते, आणि तिसरी पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात असल्यामुळे दोघींपेक्षा जास्त झिजलेली असते. हे कळण्यासाठी पूल कसा उभा आहे ते आधी पाहायला हवं. त्यासाठी हावडा पुलासारखं दुसरं उदाहरण नाही, कारण त्याचा सगळा सांगाडा उघड्यावर आहे.

त्याच्या आधी तिथे सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी बांधलेला तरंगता पूल होता. १८७४ साली खुला झालेला, १,५२८ फूट लांब, ६२ फूट रुंद. जहाज यायचं झालं की मधला २०० फुटांचा तुकडा सोडवून बाजूला घ्यायचे आणि तोवर दोन्ही काठांवर माणसं, बैलगाड्या खोळंबायच्या. १९०६ सालच्या मोजणीत पुलावरच्या वाहनांपैकी तेरातली आठ बैलगाड्या होत्या. नवा पूल हवा यावर तेव्हापासून एकमत होतं. कसा हवा, यावर समित्यांमागून समित्या बसल्या. कायदा १९२६ साली झाला, १९३५ साली सुधारला गेला आणि काम १९३६ मध्ये सुरू झालं.

नदीत खांब नको, हा मुद्दा निर्णायक ठरला. हुगळी गाळाची नदी आहे. पात्रात खांब उभे केले की प्रवाह अडतो, गाळ बसतो, आणि ज्या बंदरावर शहर जगत होतं त्याचीच वाट बुजते. म्हणून दोन मनोऱ्यांमधलं सगळं १,५०० फुटांचं, म्हणजे ४५७ मीटरचं अंतर अधांतरी पार करायचं ठरलं.

ते कसं साधलं? काठावर फळी ठेवून तिचा निम्मा भाग पाण्यावर काढायचा असेल तर मागच्या टोकावर धोंडा ठेवावा लागतो. हावडा पूल म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या अशा दोन फळ्या. मनोरा हा काठ. मागचा ३२५ फुटांचा हात जमिनीत जखडलेला. पुढचा ४६८ फुटांचा हात नदीवर आलेला. दोन्हीकडच्या पुढच्या हातांच्या टोकांवर मधला ५६४ फुटांचा तुकडा टांगलेला आहे. ४६८ अधिक ५६४ अधिक ४६८, बेरीज बरोबर १,५०० भरते. मधल्या तुकड्यावर भार आला की मागची टोकं वर उचलू पाहतात. त्यामुळे काठावरच्या नांगर-पायाचं काम पुलाला खालून पेलण्याचं नाही, त्याला वर जाऊ न देण्याचं आहे.

मनोऱ्यांचे पाये हे त्या काळातलं अचाट काम होतं. प्रत्येक मनोऱ्याखाली ५५.३१ मीटर लांब आणि २४.८ मीटर रुंद असा एकच अवजड ठोकळा आहे. त्यात ६.२५ मीटर चौरसाच्या २१ विहिरी ठेवल्या होत्या. विहिरींतून तळाचा चिखल उपसायचा आणि ठोकळा स्वतःच्या वजनाने खाली जाऊ द्यायचा, दिवसाला फूटभर किंवा थोडा जास्त. हावड्याच्या बाजूचं काम उघड्या उपशाने झालं, कलकत्त्याच्या बाजूला दाबाखालची हवा भरून करावं लागलं. एका रात्री खालची माती अचानक सरकली आणि तो अख्खा डोलारा एका दमात दोन फूट खाली बसला. खिदिरपूरच्या भूकंपमापकाने त्याची नोंद भूकंप म्हणून केली. काठावरचं एक देऊळ पडलं, ते पुढे बांधून दिलं गेलं. उपशातून नांगर, तोफा, तोफगोळे आणि कंपनी सरकारच्या काळातली नाणीही वर आली.

पोलाद लागलं २६,५०० टन. त्यातलं सुमारे २३,००० टन टाटांच्या कारखान्यातलं, 'टिस्क्रोम' नावाचं जास्त ताण सोसणारं मिश्र पोलाद. तोवर युद्ध सुरू झालं होतं आणि विलायतेवर भिस्त ठेवणं शक्य नव्हतं. सुटे भाग कलकत्त्यातल्याच चार कारखान्यांत तयार झाले. दोन्ही काठांवरून सांगाड्यावरच सरकणाऱ्या क्रेननी एकेक दांडा पुढे जोडत नेला आणि मध्यावर दोन्ही अर्धी ८०० टनी १६ हायड्रॉलिक जॅकनी जुळवली. सगळी जोडणी रिव्हेटची, म्हणजे दोन्ही बाजूंना डोकं असलेल्या पोलादी खिळ्यांची. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी जपानी विमानांच्या धास्तीत पूल गाजावाजा न करता खुला झाला. पहिली गेली ती एकटी ट्राम. १९६५ मध्ये त्याचं नाव रवींद्र सेतू झालं, पण लोक अजून हावडा पूलच म्हणतात.

आता आपल्या मुद्द्याशी सगळ्यात जवळची गोष्ट: रस्ता. ७१ फूट रुंदीचा रस्ता आणि दोन्ही बाजूंचे १५-१५ फुटांचे पदपथ सांगाड्यावर बसलेले नाहीत, खाली लोंबकळत आहेत. खालच्या कडेच्या सांध्यांवरून ३९ जोड्या, म्हणजे ७८ टांगणी दांडे सोडले आहेत. बसचं चाक रस्त्यावर, रस्ता लहान तुळयांवर, त्या आडव्या मोठ्या तुळयांवर, त्या टांगणीवर, टांगणी सांध्यावर, सांधा कैंचीत (दांड्यांच्या त्रिकोणी सांगाड्यात), कैंची मनोऱ्यावर. भाराचा हा प्रवास एका रांगेत होतो. त्यातला टांगणीचा टप्पा असा आहे की त्याचं बूड रस्त्याच्या पातळीवर, पादचाऱ्याच्या पायाशी येतं. म्हणजे धूळ, पावसाचं पाणी, फुलबाजाराचा ओला कचरा आणि पानाची पिचकारी जिथे पडते, तिथेच.

त्या पिचकारीचा हिशेब पुलाची देखभाल करणाऱ्या कोलकाता बंदर प्रशासनाला करावा लागला. टांगणीच्या बुडाभोवतीचं पोलादी आवरण सहा मिलिमीटर जाड होतं. २०११ च्या सुमारास मोजलं तेव्हा ते तीन मिलिमीटरच्याही खाली आलेलं आढळलं, तेही चारेक वर्षांत. पान, चुना, तंबाखू यांचा ओला, क्षारयुक्त लगदा एकाच जागी रोज पडत राहिला की रंगाचा थर सुटतो, खालचं पोलाद कधी वाळतच नाही आणि गंज आतून खात जातो. पुढे त्यावर फायबरग्लासची वेष्टनं चढवली. पक्ष्यांच्या विष्ठेसाठीही वेगळा कंत्राटदार नेमावा लागला होता, कारण तीही आम्लधर्मी असते आणि सांध्यांच्या खोबणींत साठते. हे आकडे बाहेर आले म्हणून देशभर चर्चा झाली, उपाय झाला. सार्वजनिक झालेलं एक माप काय करू शकतं याचा हा चांगला दाखला आहे. पण तो आवरणाचा आकडा होता. आतल्या ७८ दांड्यांचे आकडे तसेच समोर यायला हवेत.

रिव्हेटच्या पुलाचं दुखणं बहुधा सांध्यात असतं. दोन पट्ट्यांच्या फटीत पाणी शिरलं की आत गंज धरतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं, त्यामुळे पट्ट्या आतून फाकतात आणि रिव्हेटची डोकी ताणली जाऊन उडतात. तपासणारा माणूस रिव्हेटच्या डोक्यावर हातोडी मारतो आणि पलीकडच्या बाजूला बोट ठेवतो. घट्ट रिव्हेट खणखणतो. सैल रिव्हेट भद्द वाजतो आणि बोटाला हलल्याचं कळतं. डोक्याभोवती तांबडा ओघळ दिसला तरी तो हलत असल्याची शंका घ्यायची. असा रिव्हेट कापून काढतात आणि आजकाल त्या जागी जास्त ताकदीचा घर्षण-बोल्ट कसतात. हे काम दुर्बिणीतून होत नाही, ड्रोननेही होत नाही. हात लागेल इतक्या जवळ जावं लागतं. तपासणीच्या कागदावर "पाहणी केली" एवढंच लिहिलं असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: डोळ्याने, हाताने, की जाडी मोजायच्या यंत्राने?

रंगाचंही तसंच. गंजावर रंग फासणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. पृष्ठभाग उघड्या धातूपर्यंत घासायचा, त्यावर पुन्हा गंजाची झाक येण्याआधी, काही तासांतच, जस्तयुक्त प्रायमर लावायचा, मग मधला थर आणि शेवटी वरचा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त नसेल, तर काम थांबवायचं. गंगेकाठच्या शहरात याचा अर्थ वर्षातले कित्येक महिने आणि कित्येक पहाटा रंगकामाला निरुपयोगी. मुदत संपत आली म्हणून ऐन पावसाळ्यात ओढून नेलेलं रंगकाम दोन वर्षांत पापुद्र्यांनी सुटतं, आणि कागदावर ते "पूर्ण" असतं.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसतच नाही: वाढत गेलेलं स्वतःचं वजन. मुख्य गाळ्याच्या ४५७ मीटर लांबीवर आणि २१.६ मीटर रुंदीवर डांबराचा फक्त एक सेंटिमीटर थर चढवला तर त्याचं वजन सुमारे सव्वादोनशे टन होतं. जुना थर न खरवडता दोन-चार वेळा वर नवा टाकला की हजार टनांचा बोजा कायमचा चढतो, तोही एकही गाडी नसताना. हावडा पुलावरची ट्राम १९९३ साली बंद झाली ती भाराच्याच चिंतेने. ट्राम काढून जे मिळवलं ते डांबरात घालवायचं का, हा प्रश्न रस्ते विभागाच्या प्रत्येक निविदेला लागू आहे. खरवडलेली जाडी आणि टाकलेली जाडी हे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसले पाहिजेत.

उन्हाचंही सांगायला हवं. पोलाद एका अंशाला एका मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत पोलादाच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला तर ४५७ मीटरला ती वाढ २२ सेंटिमीटरच्या घरात जाते. मधला तुकडा टांगलेला आहे तिथल्या सांध्यांना ही हालचाल सामावून घ्यावी लागते. तिथे माती, प्लास्टिक, डांबर अडकलं आणि सांधा जाम झाला की तो रेटा ज्या भागांसाठी कधीच हिशेबात धरला नव्हता, त्यांच्यावर जातो. सांधा साफ ठेवायला लागतो एक झाडू आणि एक माणूस. देखभालीच्या खर्चात कात्री लागली की पहिला जातो तोच माणूस.

या सगळ्याची नोंद कुठल्या तरी रजिस्टरात असते, आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे. मोठे पोलादी पूल पडले तेव्हा अनेकदा दोष आधी दिसलेला होता. कॅनडातला क्वेबेक पूल हावडा पुलाच्याच जातीचा. २९ ऑगस्ट १९०७ रोजी तो बांधकाम चालू असताना कोसळला, ७५ कामगार गेले. दाबाखालचे खालचे दांडे वाकत चालल्याचं जागेवरच्या अभियंत्यांनी मोजलं होतं. त्याच दिवशी त्यांच्यातला एक जण न्यूयॉर्कला सल्लागारासमोर बसून ते सांगत होता. काम थांबवण्याचा निरोप वेळेत पोचला नाही. मिनीआपोलिसचा मिसिसिपीवरचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी पडला, १३ जण मेले. सांध्यावरच्या गसेट प्लेटा, म्हणजे दांडे एकमेकांना जोडणारे पोलादी पत्रे, एक इंच जाड हव्या होत्या, त्या अर्धा इंचच होत्या. मूळ आराखड्यातली चूक. त्यात नंतर चढलेले थर आणि त्या दिवशी पुलावर रचलेलं बांधकाम साहित्य. त्या प्लेटा वाकलेल्या दिसतील असे फोटो २००३ पासून दप्तरात होते. ते फोटो शहरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या जिज्ञासू विद्यार्थ्याच्या हाती लागले असते तर? तसं झालं असतं असं मी म्हणत नाही. होण्याची शक्यताच आपण बंद करून ठेवतो, हा माझा मुद्दा आहे.

आपल्याकडे मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ ला तुटला, १३५ माणसं गेली. चौकशीत आढळलं की ज्या तारदोरावर भार होता त्यातल्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. पूल काही दिवसांपूर्वीच दुरुस्त करून खुला केला होता. तिकीट घेणाऱ्या एकाही माणसाला त्या तारदोराची तपासणी झाली का, हे कळण्याची सोय नव्हती.

महाराष्ट्रात १५ जून २०२५ ला मावळातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने पडला, चार जण गेले. गोव्यात मे २०१७ मध्ये कुडचड्याजवळ नदीवरचा पोर्तुगीजकालीन लोखंडी पादचारी पूल कोसळला. तो वापरासाठी बंद होता. नदीतलं बचावकार्य पाहायला लोक त्यावर चढले होते. दोन्ही ठिकाणी कागदावर धोका ठाऊक होता. कुंडमळ्याला फलकही होता. पण फलक हा कागदाचाच भाऊ. दाटीवाटीने उभ्या माणसांचा भार चौरस मीटरला ५०० किलोपर्यंत धरतात, आणि रविवारी दुपारी फोटो काढायला गर्दी जमते तेव्हा फलक कुणी वाचत नाही. पूल बंद करायचा असेल तर दोन्ही टोकांच्या पहिल्या काही मीटरमधल्या चालायच्या प्लेटा काढून न्यायच्या. पायाखाली पोकळी दिसली की माणूस थांबतो. याला ना निविदा लागते ना सल्लागार.

सावित्रीवरचा महाडचा पूल दगडी होता, तरी तो इथे आठवावाच लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो वाहून गेला. त्याच वर्षी पावसाळ्याआधी त्याची पाहणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असं ठरलं होतं. पाहणीचा कागद एका ओळीचा असला की असं होतं.

यावर "लोक घाबरतील" हा आक्षेप येणारच. अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला, ४६ जण गेले. कारण एका साखळीपट्टीच्या भोकातली जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीची चीर. त्यानंतर कायदा झाला. सार्वजनिक रस्त्यांवरच्या पुलांची साधारण दर दोन वर्षांनी तपासणी, शून्य ते नऊ असे गुण, आणि ते गुण कुणालाही पाहता येतील अशी राष्ट्रीय नोंद. चार गुणांच्या पुलांवरूनही तिथे लोक रोज जातात. त्यांना माहीत असतं की चार म्हणजे पडणार असं नाही, दुरुस्ती हवी एवढंच. आपल्याकडेही राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची संगणकीय मोजदाद २०१६ पासून सुरू झाली. इंडियन रोड्स काँग्रेसची तपासणीची मार्गदर्शिकाही आहे. पण कुंडमळ्यासारखे पूल महामार्गावर नसतात, आणि शहरातल्या पुलाचा मालक कोण, बंदर, महापालिका, सार्वजनिक बांधकाम की जिल्हा परिषद, हेच कित्येकदा अपघातानंतर शोधावं लागतं.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा: कमकुवत जागा उघड झाल्या तर घातपात होईल. या आक्षेपात थोडं तथ्य आहे. नांगर-पायाचे आराखडे किंवा गाभ्यातल्या वाटा जाहीर करू नयेत. पण कुठल्या टांगणीची मूळ जाडी किती, मोजलेली किती, कुठल्या तारखेला आणि कशाने मोजली, कुणी सही केली, काय सुचवलं, आणि सुचवलेलं झालं का, यातून घातपात्याला काही मिळत नाही. मिळतं ते पुढच्या अभियंत्याला: त्याला आधीच्याने कुठे दुर्लक्ष केलं ते दिसतं. तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही. सहीनिशी आकडे जाहीर झाले की जबाबदारी ठरते. त्याच कारणासाठी ते जाहीर व्हावेत.

रेल्वेच्या पोलादी तुळयांवर रंगकामाची तारीख रंगवलेली आढळते. फलाटावरून दिसेल इतक्या साध्या अक्षरांत. तेवढं प्रत्येक रस्तापुलाच्या दोन्ही टोकांना लावायला एका दिवसाचं काम आहे: मालकी कुणाची, सुरक्षित भार किती, शेवटची तपासणी कधी आणि कशी, पुढची कधी. सविस्तर तक्ता मालक संस्थेच्या संकेतस्थळावर, मराठीत आणि अवयवाच्या क्रमांकानुसार. महाराष्ट्रात प्रत्येक अपघातानंतर सरसकट स्ट्रक्चरल ऑडिटचे आदेश निघतात. त्या आदेशात एक ओळ वाढवायची आहे: अहवाल सादर झाल्यापासून तीस दिवसांत तो जसाच्या तसा प्रसिद्ध करावा.

सुरुवात हावड्यापासून व्हावी. तपासणीचं काम झालं आहे, मालक एकच आहे, आणि टांगण्यांना क्रमांक देणंही सोपं आहे: कोलकात्याच्या टोकापासून १ ते ३९, दोन्ही बाजूंना. त्यापुढे चार रकाने. मूळ जाडी, १९८८ ची जाडी, २०२४ ची जाडी, केलेली दुरुस्ती.